कंपनीची रेघ

वेलकरांचा गडी गणपत निरोप घेऊन लालबागेत आला, तेव्हा लवू घाडीचा भात नुकताच करपला होता. मालन जाऊन साडेतीन महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत लवूला भात काही साधला नव्हता. कधी पेज व्हायची, कधी कोळसा. गणपत दारातच उभा राहून म्हणाला, "रविवारी सकाळी मुगभाटात बोलावलंय. अप्पासाहेबांच्या आगगाडीचं काम आहे. ब्रश घेऊन या म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही."

लवूने टोप मोरीत आपटला. मालनच्या दिवसांना वेलकरांच्या घरातलं एक माणूस आलं नव्हतं. चिठ्ठी नाही की निरोप नाही. आणि आता निरोप आला तो ब्रश घेऊन या म्हणून. जायचं नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं आणि गणपतला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

पण रविवारी तो गेला. त्याचं कारण होतं ती आगगाडी.

ती खेळण्यातली गाडी होती. अप्पासाहेब वेलकर परळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांच्या खात्यात हेडक्लार्क होते. त्यांनी फोर्टातल्या एका दुकानातून ती हौसेने घेतलेली. विलायती कंपनीची, पत्र्याची, चावी दिली की पळणारी. एक इंजिन आणि दोन डबे. डबे आपल्याच लायनीवरच्या डब्यांच्या नमुन्यावर केलेले, वीतभराहून थोडे लांब. एकतीस साली अप्पासाहेबांच्या मुलीच्या, बेबीच्या, हातून जेवणाचा पाट एका डब्यावर पडला. छप्पर आत गेलं, एक बाजू चेपली, रंगाच्या खपल्या उडाल्या. अप्पासाहेबांनी तो डबा फडक्यात बांधून कारखान्यात आणला आणि लवूला म्हणाले, "बघ रे, तुला पत्र्याचं काम येतं म्हणतात."

लवू तेव्हा घासणाऱ्यांच्या टोळीत होता. जुने डबे रंगायला आले की दगडाने घासून त्यांचा रंग उतरवायचा. दिवसभर हात पाण्यात. बोटांची सालं निघायची. डब्यांवर शेवटी पिवळ्या बारीक रेघा मारणारे मिस्त्री वेगळे. त्यांचे कपडे कोरडे असायचे, पगार दीडपट असायचा आणि ते घासणाऱ्यांशी बोलायचे नाहीत.

लवूने डबा घरी आणला. बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून नवीन छप्पर केलं, बाजू ठोकून सरळ केली, सगळा रंग उतरवून नवा लाखी रंग दिला. इथवर ठीक झालं. रेघेवर मात्र गाडी अडली. तीन रविवार तो ब्रश घेऊन बसला आणि तिन्ही रविवारी रेघ गांडुळासारखी वळवळली. मालन शेजारी तांदूळ निवडत होती. तिसऱ्या रविवारी तिने सूप खाली ठेवलं.

"ब्रश हयसर देवा. तुमचो हात थरथरता."

तिने ब्रश डाव्या हातात घेतला. मालन डावरी होती. सासूसमोर ती सगळं उजव्या हाताने करायची, वाढायचं, झाडायचं, रांगोळी घालायची, आणि सगळं वेडंवाकडं व्हायचं. सासू पाठमोरी झाली की विळीवरचा मासा डाव्या हातात जायचा आणि सरसर तुकडे पडायचे. त्या दिवशी सासू गावाला होती. मालनने श्वास धरला आणि डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळी रेघ ओढली. मग काळा रंग मागितला आणि पिवळ्या रेघेच्या वर एक व खाली एक, अशी केसाएवढी काळी किनार दिली.

"काळी कशाला?" लवू म्हणाला. "कंपनीच्या दुसऱ्या डब्यार नुसती पिवळी आसा."

"खऱ्या डब्यार काळी आसता. तुमी रोज घासतास आणि तुमका दिसूक नाय?"

ती रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन कारखान्याच्या कुंपणापाशी उभी राहायची. तेवढ्यात तिने ते डबे पाहून घेतले होते.

अप्पासाहेबांनी तो डबा फोरमनच्या टेबलावर नेऊन ठेवला. फोरमनने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, कोणी केला. अप्पासाहेबांनी लवूकडे बोट दाखवलं. लवूने तोंड उघडलं नाही. पुढच्या सोमवारी तो रेघवाल्यांत गेला. तिथे पहिलं वर्ष त्याने कसं काढलं ते त्यालाच ठाऊक. दिवसा मालगाडीच्या डब्यांवर जाड रेघा मारायच्या आणि घरी येऊन बायकोकडून बारीक रेघ शिकायची. पुढे हात बसला. निवृत्त झाला तेव्हा परळला लवू मिस्त्रीच्या रेघेचं नाव होतं.

मालनने त्याला एकदाच विचारलं होतं, "सांगितलात काय, कोणी केला ता?" तो म्हणाला होता, सांगीन. त्याला सव्वीस वर्षं झाली.

आता तिच्या हातचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. लोणच्याची बरणी मागच्याच आठवड्यात तळाला गेली. तो डबा तेवढा होता, आणि तो वेलकरांच्या कपाटात.

गिरगावात उतरला तेव्हा मुगभाटाच्या तोंडाशी भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे टोपलीएवढ्या अक्षरांत ताजं रंगवलेलं होतं. लवूला वाचता येत नव्हतं, पण हे शब्द नुसत्या आकारावरून कुणालाही कळत. अक्षरांच्या कडा फाटलेल्या होत्या. कोण गाढव रंगवतो हे, असं मनात म्हणत तो वेलकरांचा जिना चढला.

दिवाणखान्यात दोघेजण होते. एक दिवंगत अप्पासाहेबांचा मुलगा मनमोहन, तेहतीस-चौतिशीचा, विमा कंपनीत साहेब. दुसरे एक साठीचे गृहस्थ, कोट घातलेले, हातात भिंग. मनमोहनने ओळख करून दिली. "हे गुरुदत्त तेलंग. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. जुन्या खेळण्यातल्या गाड्या पारखण्यात यांचा हात धरणारा मुंबईत कोणी नाही. बसा मिस्त्री. ऐकलं मी तुमच्या घरचं. वाईट झालं. चहा घेणार?"

"नको," लवू म्हणाला.

टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर इंजिन होतं. त्याच्यामागे मालनचा डबा होता. लवूने तो लांबूनच ओळखला. रंग जरा काळवंडला होता, रेघ तशीच होती. मग त्याचं लक्ष दुसऱ्या डब्याकडे गेलं. त्याच्यावर रंगाचा कणसुद्धा नव्हता. नुसता राखाडी पत्रा.

"हा कोणी खरवडला?"

"आम्हीच," मनमोहन म्हणाला. "टर्पेंटाईन लावून, सांभाळून. ऐका, पुढच्या महिन्यात दादरला तेलंगसाहेबांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. अप्पांची गाडी तिथे मधोमध ठेवायची आहे. पण दोन डबे दोन तऱ्हेचे, हे काही बरं दिसत नाही. आणि दोघांतला एक तर तुम्ही दुरुस्त केलेला. अप्पा सांगायचे, लवूने केला म्हणून. कुठला, ते काही त्यांनी मला सांगितलं नाही. मी आठ वर्षांचा होतो."

"मग कसं ठरवलंत?"

गुरुदत्तने घसा साफ केला. त्याला हा प्रश्न आवडला होता. "मी तीन आठवडे हे दोन्ही डबे न्याहाळले, मिस्त्री. चाकं सारखी, डबे जोडायचे आकडे सारखे. फरक फक्त रेघेत. आता बघा, या डब्यावर पिवळ्या रेघेला दोन्हीकडून काळी किनार आहे. खऱ्या डब्यांवर तशीच असायची. त्यांची ड्रॉइंगं मी स्वतः काढलीत, म्हणून सांगतो. विलायतेच्या कंपनीला तेच ड्रॉइंग गेलं असणार, आणि कंपनी त्यात चूक करणार नाही. त्या दुसऱ्यावर होती नुसती पिवळी रेघ, तीही जराशी जाड. म्हणजे किनार देणं कुणालातरी जमलं नाही आणि सोडून दिलं. इथलं काम."

"तुमचं काम," मनमोहन हसून म्हणाला. "नाराज होऊ नका हो. तेव्हा तुम्ही नवखे होता. आता मुरलात. हा अस्सल समोर ठेवा आणि दुसऱ्यावर हुबेहूब उतरवा. म्हणून तर बोलावलं."

लवूने पिशवीतून रंगाच्या डब्या काढल्या, ब्रश काढला, खुर्चीवर बसला. एक मन म्हणत होतं की काम कर, ऊठ आणि चालायला लाग. कुणाला काय सांगायचंय. सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार, फोरमन, बढती, सगळं. परळला अजून चार माणसं रामराम करतात ती या रेघेपायी. त्याने पिवळा रंग ढवळला. ब्रशाचं टोक जिभेवर ओलं करून जुळवलं.

गुरुदत्त त्याच्या खांद्यावरून वाकून मालनच्या डब्याकडे बघत होता. "घाई करू नका. सगळी नाही जमली तरी चालेल. हा हात आपल्याकडचा नाहीच, मिस्त्री. तुम्हीही मान्य कराल. त्या लोकांत पिढ्यान् पिढ्या शिस्त असते. आपल्या माणसाच्या हाताला ती यायची नाही."

लवूने ब्रश ठेवला.

"हा डबा लालबागला माझ्या खोलीत झाला," तो म्हणाला.

"कुठला?"

"हाच. तुमचा अस्सल."

मनमोहन हसला. गुरुदत्त हसला नाही, पण त्याने मनमोहनकडे असं पाहिलं की हे म्हातारपण म्हणायचं की काय. "मिस्त्री, रागात बोलताय. मी समजू शकतो. पण पुरावा—"

"छप्पर उघडून बघितलंत?"

"नाही. पत्र्याचे कान वाकवून ते बसवलेलं असतं. कान दोनदा वाकवले की तुटतात. जाणकार माणूस छपराला हात—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लवूने डबा उचलला, अंगठ्याच्या नखाने चारही कान सरळ केले आणि छप्पर काढून कापडावर उताणं टाकलं. मनमोहन उठून धावला होता, तो तसाच थांबला. छपराच्या आतल्या बाजूला बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र होतं. एका मडमेचा गुलाबी हात, मनगटापासून कापलेला, आणि त्या हातात अर्धा कप.

"विलायतेची कंपनी," लवू म्हणाला, "बिस्किटाच्या डब्यातून छप्पर कापते काय?"

गुरुदत्तने भिंग उचललं आणि परत ठेवलं. चित्र बघायला भिंगाची गरज नव्हती.

"म्हणजे," मनमोहन हळूहळू म्हणाला, "आम्ही खरवडला तो—"

"तो कंपनीचा. त्याला कुणी हात लावला नव्हता. तुमच्या अप्पांनी घेतला तसा होता, परवापर्यंत."

मनमोहनचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? पंचवीस वर्षं गप्प बसलात आणि आता, सगळं होऊन गेल्यावर? हातात धरून मी स्वतः खरवडला तो. अप्पांची गाडी होती ती. एक शब्द बोलला असतात तर—"

"मला विचारलंत?"

"तुम्हाला काय विचारायचं?"

"गडी लालबागला येऊ शकतो ब्रश घेऊन या म्हणून सांगायला. खरवडायच्या आधी येऊ शकत नव्हता? लवू जिवंत आहे, दोन डब्यांतला तुझा कुठला रे, एवढं विचारायला?" लवूचा आवाज चढला होता आणि त्याला तो खाली आणायचा नव्हता. "कशाला विचाराल. चांगला दिसला तो साहेबाचा. वाईट दिसला तो लवूचा. यापलीकडे काय पारख केलीत तीन आठवडे? भिंग कशाला लागतं मग? खाली भिंतीवर मुंबई कोणाची ते लिहून ठेवलंय. रंगाला वर्गणी दिली असेल तुम्ही. आणि वर बसून सांगताय, हात आपल्याकडचा नाही."

"मिस्त्री, जरा जपून बोला."

"जपून बोललो सव्वीस वर्षं. त्याचंच हे झालंय."

गुरुदत्त खाली बसला. त्याने कोटाच्या खिशातून एक छापील कार्ड काढलं, त्यावर आधीच सुबक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते मधोमध फाडलं. "चूक माझी," तो म्हणाला. "कंपनीने स्वस्तात काम उरकलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ड्रॉइंगवरून गेलो. मिस्त्री, मी तुमची क्षमा मागतो. असा हात मी पाहिलेला नाही. प्रदर्शनात हाच डबा ठेवू आणि कार्डावर तुमचं नाव घालू. लवू घाडी, परळ वर्कशॉप. कारखान्यातली माणसं येतील बघायला. आणतोच मी त्यांना."

लवूला त्या कार्डापुढे उभी राहिलेली माणसं दिसली. देखरेखीवरचा जुना चार्जमन, रेघवाले, ज्यांनी पहिल्या वर्षी त्याला वाळीत टाकलं होतं ते. नुसतं बरं म्हणायचं होतं. तेवढंही नको, गप्प राहिलं तरी पुरे होतं. गप्प राहायची त्याला सवय होती.

"पत्रा माझा," तो म्हणाला. "रेघ माझी नाही. रेघ बायकोची."

"आता हे काय नवीन," मनमोहन म्हणाला. "बायकोची काय? लवूमिस्त्री, त्या बिचाऱ्या गेल्या. त्यांना कशाला मध्ये ओढताय? दुःख मी समजतो, पण दर दहा मिनिटांनी गोष्ट बदलायची म्हणजे—"

"तिला मध्ये ओढली नाही कधी, तेच चुकलं."

"आता कोण सांगणार खरं का खोटं?"

लवूने रंगात ब्रश बुडवला, खरवडलेला डबा पुढे ओढला आणि पत्र्यावर एक रेघ मारली. डावीकडून उजवीकडे, एका दमात. चांगली रेघ होती. मिस्त्रीची रेघ. "भिंग आणा," तो गुरुदत्तला म्हणाला. "हा ब्रश बघा, केस केवढे लांब आहेत. हा ओढावा लागतो, ढकलता येत नाही. ढकलला की केस दुमडतात. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे ओढतो. सगळा कारखाना तसाच ओढतो. जिथे टेकवला तिथे रंग जाड, जिथे उचलला तिथे शेपूट बारीक. माझी शेपूट कुठे आहे?"

"उजवीकडे," गुरुदत्त म्हणाला.

"आता तिची बघा."

गुरुदत्तने मालनचा डबा भिंगाखाली धरला. एक बाजू पाहिली, फिरवून दुसरी पाहिली. पिवळी रेघ पाहिली, दोन्ही काळ्या किनारी पाहिल्या. बराच वेळ लागला. मनमोहन म्हणाला, "काय?" तरी त्याने मान वर केली नाही.

"डावीकडे," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांची डावीकडे. सहाही."

"मालन डावरी होती. माझी आई तिला त्यापायी मारायची. कारखान्यात डाव्या हाताने रेघ मारणारा एक दाखवा मला. फोरमन हातावर पट्टी मारायचा."

"मालन आलीये?" आतून आवाज आला.

मनमोहनची आई, सरोजिनीबाई, काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "लवूचा आवाज ऐकला. मालनला का नाही आणलीस रे? या संक्रांतीला तरी पाठव. गेल्या खेपेला खोकत होती."

लवूने मनमोहनकडे पाहिलं. मनमोहन टेबलाकडे बघत होता.

"गेली, बाईसाहेब," लवू म्हणाला. "श्रावणात."

सरोजिनीबाई मुलाच्या दिशेने वळल्या. मग म्हणाल्या, "मनू, तुला ठाऊक होतं?"

"तुझी तब्येत ठीक नव्हती, आई. म्हटलं नंतर सांगू."

"ठाऊक होतं म्हणजे." त्या खुर्ची चाचपत बसल्या. टेबलावरचं उघडं छप्पर त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि खाली ठेवलं. "तिचा डबा उघडलात होय?"

"तिचा?" लवू म्हणाला.

"तुला कारखान्यातून वेळ नव्हता म्हणून डबा द्यायला तीच आली होती. मी म्हटलं, मालन, डाव्या हाताच्या नखांत हळद कसली ग? म्हणाली, हळद नव्हे बाईसाहेब, रंग. मग सगळं सांगितलं. खूश होती. म्हणाली, साहेबांना सांगू नका हं, यांची नोकरी जाईल."

"तुम्ही सांगितलंत?"

"त्याच संध्याकाळी. हे म्हणाले, बाईला काही कारखान्यात घेता येत नाही. नवऱ्याला घेतो. हात त्यांच्या घरातच आहे, शिकेल."

लवूने ब्रश कापडावर ठेवला. अप्पासाहेबांनी फोरमनसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं होतं, ते माहीत असून. ज्या गोष्टीपायी तो पंचवीस वर्षं अप्पासाहेबांच्या नजरेला नजर देत नव्हता, ती अप्पासाहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आणि घरात मालन. तिने बाहेर सांगून टाकलं होतं आणि त्याच्यासमोर मात्र चकार शब्द काढला नाही. त्याला इतका राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. अप्पासाहेब मेले होते. मालन मेली होती.

"तुम्ही तरी मला बोलायचं, बाईसाहेब."

"तू कधी बोलतोस ते बघत होते. तीही बघत होती. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला यायची. मी विचारायची, बोलला का ग लवू? म्हणायची, आज ना उद्या बोलतले." सरोजिनीबाईंनी मालनच्या आवाजात ते सांगितलं, तिच्याच हेलात. "पुढे पुढे मी विचारायचं सोडलं. तिला सांगायला अवघड जायचं."

गुरुदत्तने दुसरं कोरं कार्ड काढलं, पेनचं टोपण उघडलं आणि लिहू लागला. लिहून झाल्यावर फुंकर मारली.

"काय लिहिलंत?" लवू म्हणाला.

"घ्या, बघा."

"मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

"हा डबा कंपनीचा नाही. सन एकोणीसशे एकतीसमध्ये लालबाग, मुंबई येथे श्री. लवू घाडी, मिस्त्री, यांच्या पत्नीने रंगवला."

"तिचं नाव कुठाय?"

"पत्नीने म्हटलंय ना."

"त्यात तिचं नाव कुठाय?"

गुरुदत्तने ते कार्ड फाडलं नाही, उलटं करून बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. "सांगा."

"मालन घाडी. लालबाग. डाव्या हाताने."

"डाव्या हाताने हे लिहायचं?"

"लिहा."

मनमोहन इतका वेळ खिडकीपाशी होता. तो वळून म्हणाला, "दादरला ही गाडी वेलकरांची म्हणून जाणार आहे. अर्धी खरवडलेली, अर्धी बिस्किटाच्या पत्र्याची. लोक हसतील."

"खरवडलेला तसाच ठेवा," लवू म्हणाला. "त्याच्यावर मी रंग देणार नाही. मारलेली रेघही पुसून जातो. विचारलं कुणी तर सांगा काय झालं ते."

"आणि मी तुमच्या सांगण्यावरून असं करीन?"

"करशील," सरोजिनीबाई म्हणाल्या. "गाडी अजून माझी आहे."

लवूने चिंधी टर्पेंटाईनमध्ये भिजवून आपली रेघ पुसली. पत्रा पुन्हा राखाडी झाला. गुरुदत्तचं लिहून झालं होतं. त्याने न सांगता वाचून दाखवलं. नाव होतं, लालबाग होतं, डावा हात होता.

"आणखी एक ओळ घाला," लवू म्हणाला. "नवऱ्याने हे सव्वीस वर्षं लपवलं."

गुरुदत्त अडखळला. "मिस्त्री, हे प्रदर्शनाच्या कार्डावर बसत नाही. डबा कसा आहे, कुणी केला, एवढंच लिहितात. पाहिजे तर मागच्या बाजूला लिहितो."

"मागे कोण वाचणार?"

"कोणी नाही."

"मग पुढे लिहा."

"तुमच्या कारखान्यातली माणसं येणार आहेत हो."

"यायलाच पाहिजेत. ती येईपर्यंत मी तिथे डब्यापाशी उभा राहणार आहे. त्यातल्या काहींना वाचता येत नाही. त्यांना तोंडाने सांगेन."

गुरुदत्तने मनमोहनकडे पाहिलं, सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्या कार्डावर आता जागा उरली नव्हती. त्याने आणखी एक कोरं कार्ड काढलं.